पाडव्याचे बेणे

दिवाळीच्या दिवसांत घरात नाना चिंता असतात. चकलीला काटा आला की नाही, करंजी तळताना फुटली तर नाही, अनारशाला जाळी पडली की नाही! या साऱ्या धांदलीत बटाट्याला कोण विचारतो? तो बिचारा टोपलीच्या तळाशी पडून असतो. फराळाचा कंटाळा आला की एखाद्या रात्री त्याची पिवळी भाजी होते आणि सगळे 'हुश्श' म्हणतात. पण ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे, किंवा ज्यांच्या गच्चीवर ऊन पडते, त्यांनी नेमके याच दिवसांत बटाट्याची आठवण ठेवायला हवी. आपल्या हवेत बटाटा लावायचा मुहूर्त दिवाळीच्या आगेमागेच येतो. तो टळला तर पुन्हा वर्षभर थांबावे लागते.

मराठी शिकवणाऱ्याने बटाट्यात का लुडबुड करावी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, बटाट्याच्या लागवडीतले निम्मे शहाणपण मराठी शब्दांतच साठवलेले आहे. ते शब्द नीट समजून घेतले, तर वहीत फारसे काही टिपून घ्यावे लागत नाही.

पहिला शब्द घ्या 'लवकर'. सिमल्याजवळ कुफरी नावाचे एक ठिकाण आहे. आपल्याकडची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ साली सिमल्याला गेली. तेव्हापासून तिने तयार केलेले वाण 'कुफरी' हे आडनाव लावूनच जगात वावरतात. कुफरी सिंदुरी, कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी! एखाद्या संगीत नाटकाची पात्रयादीच वाचतो आहोत असे वाटावे. या नायिकांच्या मेळाव्यात १९७२ साली एक अस्सल मराठी नाव दाखल झाले, ते म्हणजे 'कुफरी लवकर'. महाराष्ट्राच्या पठारी मुलखासाठी हा वाण पुढे आला. पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत तयार होतो, म्हणून लवकर. बाजारात आज ज्योती आणि पुखराज यांचेच बेणे अधिक सहज मिळते; तरी ते नाव मला फार आवडते.

आवडते, पण त्यातच एक फसगत आहे. 'लवकर' म्हणजे 'घाईने' नव्हे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरातच बटाटे लावून मोकळे झाले, तर ते लवकर येतील असे पुष्कळांना वाटते. रोपे येतात, पानेही मोठी डौलदार दिसतात. पण उपटून पाहावे तर खाली गोट्या! याचे कारण बटाट्याच्या स्वभावात आहे. पानांनी दिवसा उन्हात तयार केलेले अन्न रात्री गारवा असेल तरच खाली उतरून गाठीत साठते. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली आले, की झाड पोसण्याचे काम चांगले चालते. रात्री उकाड्याच्या असतील, तर तेच अन्न पाने आणि फांद्या वाढवण्यात खर्च होते. मिळकत सगळी कपड्यालत्त्यावर उडवावी आणि बँकेत शिल्लक काही राहू नये, तसा हा प्रकार.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांची तर आणखी पंचाईत होते. तिकडे वसंत ऋतूत, बर्फ आणि दहिवर संपत आले की बटाटे लावतात. म्हणून पुस्तकात मार्च-एप्रिल लिहिलेले असते. ते वाचून आपण होळीच्या सुमारास बटाटे लावले, तर बेणे जमिनीतच भाजून निघेल. त्यांचा बटाटा थंडी संपताना लागतो, आपला थंडी सुरू होताना. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव या भागांतल्या उंच, गार माळांवर पावसाळ्यातही बटाटा घेतात. पण ती त्या उंचीची आणि त्या वाऱ्याची किमया. शहरातल्या परसाला रब्बीचाच हंगाम मानवतो.

मग मुहूर्त कोणता? पंचांगातच सांगायचे तर, कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. इंग्रजी महिन्यांत ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. अर्थात दिवाळी तिथीप्रमाणे मागेपुढे होते आणि बटाटा तिथी पाहत नाही, थंडी पाहतो. पाऊस नक्की थांबलेला असावा, दुपारचे ऊन तीस-बत्तीस अंशांच्या आत आलेले असावे आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढून घ्यावेसे वाटू लागलेले असावे. पुणे, नाशिककडे हे दिवाळीच्या पाडव्याला बहुधा जमून येते. मुंबई-ठाण्याकडे गारवा उशिरा येतो. तिकडच्या मंडळींनी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत धीर धरावा. फार उशीर मात्र कोणीच करू नये. कारण शेवटी फेब्रुवारीचे ऊन पाठीशी लागते. अलीकडून उकाडा आणि पलीकडून उन्हाळा, यांच्यामधली ही अरुंद वाट आहे. 'लवकर'चा खरा अर्थ एवढाच, की ती वाट उघडल्याबरोबर आपण तयार असावे.

आता दुसरा शब्द, 'बेणे'. 'बी' आणि 'बेणे' यांतला भेद आपल्या भाषेने मोठ्या काटेकोरपणे राखला आहे. गहू, ज्वारी, मेथी यांचे बी. ऊस, हळद, बटाटा यांचे बेणे. बी फुलातून, फळातून येते. बेणे म्हणजे त्या झाडाचाच एक जिवंत तुकडा. बटाटा जमिनीखाली येतो म्हणून आपण त्याला मूळ समजतो, पण तो खोडाचाच भाग आहे. अन्न साठवून सुजलेले, जमिनीखालचे खोड. त्यावरचे 'डोळे' म्हणजे खोडावरचे कोंबच. म्हणून तर डोळ्यातून नवे झाड उठते. खेड्यात एखाद्या वस्ताद पोराला 'काय इरसाल बेणं आहे!' म्हणतात, तेव्हा 'बापाचाच तुकडा' हे त्यात न बोलता आलेले असते.

बेणे कसे निवडावे? इथेच शहरी माणूस चुकतो. टोपलीत सुरकुतलेला, मोड आलेला, भाजीला नकोसा झालेला बटाटा सापडला, की 'फेकण्यापेक्षा लावून टाकू' असे आपण म्हणतो. जे आपल्याला खायला नको, ते जमिनीला द्यायचे! जमीन कधी रागावत नाही. पण दिलेल्या मालाप्रमाणेच माल परत करते. बेणे निरोगी, घट्ट, कोंबडीच्या लहान अंड्याएवढे, तीस ते पन्नास ग्रॅम वजनाचे असावे. शक्य तर कृषी सेवा केंद्रातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून बेण्याचाच बटाटा मागून घ्यावा. बाजारातला खाण्याचा बटाटा कधी उगवतो, कधी नाही. शीतगृहात त्याला मोड येऊ नयेत म्हणून औषध दिलेले असू शकते. अगदी नुकता काढलेला नवा बटाटाही उपयोगी नाही, कारण काढल्यावर साधारण दोन-अडीच महिने तो झोपलेला असतो. त्या झोपेतून तो सहजासहजी उठत नाही.

बेणे राखणे म्हणजे काय, हे मी आईच्या तोंडून ऐकले आहे. माझे आजोळ खेड तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात आई दहा वर्षांची होती. आधीच्या सालापासून पावसाने डोळे वटारलेले, त्यात त्या वर्षी तो फिरकलाच नाही. रेशनवर येणारी परदेशची मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर गावे जगत होती. आजोबांनी विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर त्या हिवाळ्यात बटाट्याच्या दोन-चार सऱ्या कशाबशा जगवल्या. निघालेल्या मालातले पोतेभर निवडून त्यांनी पुढच्या पावसाळ्यासाठी बेणे म्हणून ठेवले. तिकडे झाडाच्या सावलीत ढीग घालून, वर वाळके गवत-पाचट पसरून बटाटा राखतात. त्याला अरण म्हणतात. पण त्या वर्षी बेणे उघड्यावर ठेवण्याची सोय नव्हती. आजोबांनी ते घरात, अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पसरले आणि सगळ्यांना बजावले, "बेण्याला कुणी हात लावायचा न्हाई."

घरात पाच पोरे आणि पलीकडच्या खोलीत पोतेभर बटाटे! उन्हाळा कसा गेला असेल, याची कल्पना आपण करावी. आजोबा आठवड्याला सगळे बेणे परतून पाहत, नासके वेगळे करीत. वैशाखात धाकटा मामा तापाने पडला. तापातून उठला तेव्हा त्याला मिलोची भाकरी गिळवेना. एके दिवशी आजोबा परगावी गेले असताना आजीने ओंजळभर बेणे उकडून, मीठ लावून त्याला भरवले. बाकीची चार पोरे दारात उभी राहून बघत होती. आई सांगते, "आम्ही मागितलं नाही. आणि आईनंही आमच्याकडं पाहिलं नाही."

पुढच्या वेळी बेणे परतताना आजोबांच्या ध्यानात आल्याशिवाय थोडेच राहणार? पण ते एक अक्षर बोलले नाहीत. १९७३ साली पाऊस चांगला झाला. लागवडीच्या दिवशी आजोबांनी मोठाले बटाटे बाजूला काढले, विळ्याने त्यांचे दोन-दोन तुकडे केले आणि कमी पडलेली जागा भरून काढली. आजी शेजारी बसून तुकड्यांना राख चोळत होती. त्या विषयावर दोघांचे बोलणे झाले ते एवढेच.

बेण्यासाठी असा हट्ट धरणारी माणसे इतरत्रही होऊन गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून १९४४ पर्यंत, लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. त्या शहरात वाविलॉव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभरातून जमवलेल्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह होता, त्यात बटाट्याचे शेकडो वाण होते. उपासमारीने माणसे रस्त्यावर कोसळत होती. तरी संग्रहाच्या रखवालदार शास्त्रज्ञांनी त्यातला दाणा तोंडात घातला नाही. बटाटे गारठून मरू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून त्यांनी खोली उबदार ठेवली. भाताच्या वाणांचा अभ्यासक इव्हानोव्ह भाताच्या हजारो पुड्यांमध्ये बसून उपासमारीने मेला. हे वाचले तेव्हा आजोबांची ती अंधारी खोली मला जास्त कळली; आणि ओंजळभर बेणे काढणारी आजीही.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. बेणे आणल्यावर दोन-तीन आठवडे ते उथळ टोपलीत एकेरी थरात, खोलीच्या उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावे. म्हणजे त्याला आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारात ठेवाल तर लांब, पांढरे, नाजूक कोंब येतील आणि लावताना मोडतील. बेणे मोठे असेल तर कापावे, मात्र प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे हवेत. कापलेले तुकडे दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. जखमेवर खपली धरल्याशिवाय ते मातीत घालू नयेत. लहान असेल तर अख्खेच लावणे उत्तम.

जमीन भुसभुशीत हवी आणि पाणी साचणारे ठिकाण नको. चांगले कुजलेले शेणखत आधीच मिसळावे. ताजे शेण घालू नये. मागच्या हंगामात जिथे टोमॅटो, वांगी किंवा मिरच्या होत्या, तो वाफा टाळावा. ही सारी एकाच कुळातली भावंडे. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. आदल्या दिवशी पाणी देऊन 'वाफसा' येऊ द्यावा. हा तिसरा मराठी शब्द. माती ओली असावी पण चिखल नसावा, मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि सोडला तर फुटावा, या अवस्थेला वाफसा म्हणतात.

सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद वाफ्यात दीड-दीड फुटावर तीन ओळी बसतात. ओळीत वीतभर अंतरावर, दोन-अडीच इंच खोल, कोंब वर करून बेणे ठेवावे. साधारण पंचवीस-सत्तावीस बेणी, म्हणजे किलोभर बटाटे पुरतात. हवा आणि माती साथ देईल तर त्याचे पाच ते आठपट होतात.

गच्चीवाल्यांनी निराश होऊ नये. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळत असेल, तर जाड पिशवीतही बटाटा येतो. पिशवीला खाली भोके पाडावीत, वरची कड गुंडाळून अर्ध्यापर्यंतच माती-खत भरावे आणि एका पिशवीत दोनच बेणी लावावीत. रोप वाढेल तशी कड उलगडत जाऊन माती घालावी.

ही माती घालणे म्हणजेच 'भर देणे'. रोप वीतभर झाले, की महिन्याच्या सुमारास बुंध्याशी दोन्ही बाजूंनी माती ओढावी. पंधरा दिवसांनी आणखी एकदा. याचा कंटाळा करू नये. बटाटे मातीच्या वर डोकावले आणि त्यांना ऊन लागले, की ते हिरवे पडतात. हिरवा बटाटा कडू तर असतोच, पण त्यात विषारी द्रव्यही वाढते आणि ते शिजवून जात नाही. बाजारातून आणलेला बटाटाही हिरवा दिसला तर मुलांच्या पानात वाढू नये. कधी कधी झाडाला फुलांनंतर लहान टोमॅटोसारखी हिरवी फळे धरतात, तीही विषारीच. घरात लहान मूल असेल तर ती दिसताच खुडून टाकावीत.

पाणी आठवड्याच्या अंतराने, हलके द्यावे. लावल्यापासून तीस ते पन्नास दिवसांच्या काळात बटाटे धरतात आणि फुगतात. तेव्हा मात्र माती कोरडी पडू देऊ नये. आभाळ दोन-चार दिवस गच्च राहिले आणि हवा दमट झाली, तर पानांची खालची बाजू पाहावी. काळपट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर तो करपा. तसली पाने-फांद्या लगेच काढून दूर नेऊन पुराव्यात आणि पाणी पानांवर न टाकता बुडाशी द्यावे. हाच करपा १८४५ पासून आयर्लंडवर आला. लाखो गरीब कुटुंबे एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. आपल्या वाफ्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही. तरीही एकाऐवजी दोन जाती लावाव्यात.

पाने पिवळी पडू लागली, की पाणी तोडावे. आठ-दहा दिवसांनी वरचा पाला कापून टाकावा आणि आणखी आठ-दहा दिवस बटाटे तसेच मातीत राहू द्यावेत. म्हणजे साल पक्की होते. मग हलक्या हाताने खणावे. खणायला घरातली मुले जरूर बोलवावीत. टोमॅटो रोज डोळ्यांसमोर लाल होतो. बटाट्याने तीन महिने काय केले, हे मात्र खणल्याशिवाय कोणालाच कळत नाही, अगदी बापालासुद्धा!

'बाजारात किलोवर मिळत असताना हा खटाटोप कशाला?' असे घरोघरी विचारले जाईल. हिशेबाने पाहिले तर त्यात फारसे वाचत नाही, हे आधीच कबूल करावे. पण सकाळी खणलेला, पापुद्र्यासारख्या सालीचा बटाटा दुपारी उकडून मीठ-जिऱ्याबरोबर खाल्ला, म्हणजे विचारणारेच पुढच्या वर्षीचे बेणे किती ठेवले ते विचारू लागतात.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात लावलेली ज्योती शंभर दिवसांच्या आत-बाहेर तयार होते, म्हणजे महाशिवरात्रीच्या उपासाला ती अचूक सापडते. या उपासाच्या ताटाची एक मौज आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, मिरची अमेरिकेचीच आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांबरोबर आला. मुळात तो वेस्ट इंडीजच्या बेटांवर रताळ्याचे नाव होता. एवढे सगळे परके आपण फराळाच्या ताटात घेतले आणि वर त्यांना सोवळेही ठरवले! आपल्या स्वयंपाकघराचे मन आपल्यापेक्षा मोठे आहे, हेच खरे.

तेव्हा फराळाचे डबे रिकामे होण्याची वाट पाहू नये. या आठवड्यात चांगले, घट्ट, निरोगी असे किलोभर बटाटे निवडून उजेडात पसरावेत आणि घरात सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगून ठेवावे, की ही टोपली भाजीची नव्हे, बेण्याची आहे. त्यातूनही घरातल्या एखाद्या आजाऱ्यासाठी कोणी ओंजळभर काढलेच, तर बोलू नये. मोठे असतील ते कापून लावावेत.